अस्सलपणाचा दाखला

'हे काही खरे मेक्सिकन नव्हे.' मेक्सिकन अन्नाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. ते उच्चारणारा बहुधा काही वर्षे अमेरिकेत राहून आलेला असतो, किंवा निदान त्याने एखादे प्रवासवर्णन वाचलेले असते. वाक्य संपते, क्षणभर शांतता पसरते, समोरच्या बशीतले नाचो ओशाळवाणे दिसू लागतात आणि बोलणाऱ्याच्या पदरात जाणकारपण पडते. आमचा आक्षेप या वाक्यावर आहे. ते दर वेळी चुकीचे असते असे आम्ही म्हणत नाही. मात्र ते ज्या गृहीतकावर उभे असते ते तपासण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि त्या गृहीतकाची किंमत भलतेच लोक मोजतात, असे आमचे म्हणणे आहे.

गृहीतक साधे आहे. मेक्सिकन स्वयंपाकाची एक मूळ, शुद्ध प्रत कोठेतरी होती; एखादा पदार्थ जितका जुना आणि जितका बिनभेसळ, तितका तो अस्सल; पुढे झालेले सारे बदल म्हणजे अपभ्रंश, आणि सीमेपलीकडे टेक्सासात झालेले बदल तर उघडउघड विटंबना. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही विचारपद्धती ओळखीची वाटेल. पाठभेदांच्या गर्दीतून मूळ संहितेकडे जाण्याची खटपट आपणही करतोच. पण ग्रंथाला बहुधा एक कर्ता असतो, लेखनाचा एक काळ असतो. रांधण्याच्या परंपरेला असा कर्ता नसतो. तिथे पाठभेद हाच पाठ असतो.

अस्सलतेच्या भक्तांना सर्वांत प्रिय असणारा पदार्थ घेऊ: टाकोस अल पास्तोर. उभ्या सळईवर रचलेले मांसाचे थर, धारदार सुरीने कापलेले त्याचे पातळ काप, मक्याची लहानशी तोर्तिया, वर अननसाची फोड. मेक्सिको शहराच्या रस्त्यावर उभे राहून हा टाको खाल्ला म्हणजे खऱ्या मेक्सिकोचे दर्शन घडले, असे मानले जाते. पण ही उभी सळई आली कोठून? ती लेबनॉन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून आलेल्या स्थलांतरितांबरोबर आली. अल पास्तोर हे शावर्माचेच भावंड. पुएब्ला शहरात 1930 च्या दशकात 'ताकोस आराबेस', म्हणजे अरबी टाको, या नावाने तो पिठाच्या मऊसर पोळीत गुंडाळून विकला जाऊ लागला. पुढे मिरची आणि आचियोतेच्या बियांचे वाटण त्यात शिरले आणि पोळीच्या जागी मक्याची तोर्तिया आली. मांस मात्र मेंढीचे नव्हे, डुकराचे. आणि डुक्कर हा प्राणी मेक्सिकोत स्पॅनिश विजेत्यांनी आणलेला. जो पदार्थ 'अस्सल' म्हणून मिरवतो, तो शंभर वर्षांचाही नाही आणि तीन खंडांच्या संसारातून जन्मलेला आहे.

मोले पोब्लानोची कथा याहून बोलकी आहे. 'मोले' हा शब्द नाहुआत्ल भाषेतल्या 'मोल्ली' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ रस्सा किंवा वाटण. सुकवलेल्या मिरच्यांच्या तीन-चार जाती, टर्कीचे मांस, थोडे कोको हा त्यातला स्थानिक भाग. तीळ, दालचिनी, लवंग, मिरे, बदाम, मनुका हा समुद्रापलीकडून आलेला भाग. त्यातले कितीतरी मसाले आशियातले. 1565 ते 1815 या काळात मनिला आणि आकापुल्को या बंदरांमध्ये स्पॅनिश गलबतांची नियमित ये-जा होती, आणि आशियाचा माल त्या वाटेने मेक्सिकोत उतरत असे. कवी ओक्ताव्यो पास 1962 ते 1968 या काळात दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. मोले आणि भारतीय रस्सा यांच्यातल्या नात्याने त्यांना कुतूहलात टाकले होते, आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक पुस्तकात त्यांनी ते नोंदवलेही आहे. ज्याला मेक्सिकोचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात त्याच्या कढईत अर्धी पृथ्वी शिजते आहे.

यावर शुद्धतावाद्यांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, ठीक आहे. मग आपण 1521 पूर्वी जाऊ. आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडण्यापूर्वी जे खाल्ले जात होते तेवढेच अस्सल मानू. जाऊ या. मग तांदूळ गेला, गहू गेला, डुकराची चरबी गेली, चीज गेले. कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू गेले, म्हणजे कोणत्याही टाकोवरची शेवटची चिमूट गेली. वाहाकामध्ये केळीच्या पानात बांधून वाफवलेला तामाल गेला, कारण केळ मूळची आशियातली. अशा रीतीने जे उरेल ते इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचे वाटेल. पण आज मेक्सिकोत राहणारा एकही माणूस तेवढ्यावर जेवत नाही. ज्या अस्सलतेच्या व्याख्येत खुद्द मेक्सिकन माणूस बसत नाही, ती व्याख्या कोणासाठी केलेली आहे?

उत्तरेकडे वळलो की हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. बरिटो म्हणजे अमेरिकन थोतांड, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. कारण काय, तर त्याची तोर्तिया गव्हाची असते. परंतु सोनोरा आणि चिवावा या उत्तरेकडच्या प्रांतांत गहू शतकानुशतके पिकतो आणि तिथल्या घरांत गव्हाची तोर्तिया हे रोजचे अन्न आहे. फेलिक्स रामोस इ दुआर्ते यांच्या 1895 साली मेक्सिकोत छापलेल्या शब्दकोशात 'बुरितो' हा शब्द गुंडाळलेल्या, आत मांस वा अन्य काही भरलेल्या तोर्तियेच्या अर्थाने नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारा, भात कोंबून फुगवलेला बरिटो वेगळा आहे हे खरे. पण 'बरिटो मेक्सिकन नाही' असे म्हणताना आपण उत्तरेकडच्या लाखो मेक्सिकनांना त्यांच्याच देशातून हद्दपार करतो.

टेक्सासचेही तसेच. 1836 पर्यंत टेक्सास हा मेक्सिकोचाच भाग होता. सान अंतोनियोतली स्पॅनिश बोलणारी कुटुंबे सीमा ओलांडून आलेली नव्हती. सीमाच त्यांच्या अंगणावरून सरकत पुढे गेली. त्याच शहराच्या चौकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया संध्याकाळी चुली मांडून तिखट मांसाचा रस्सा विकत. 'चिली कॉन कार्ने' त्यांनी जगाच्या तोंडी नेले. पुढे आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांचे ठेले 1930-40 च्या दशकांत उठवले गेले, आणि पदार्थ कारखान्यांच्या डब्यांत शिरला. फ्रान्सिस्को सांतामारिया यांच्या 1959 च्या कोशाने तर चिली कॉन कार्नेची नोंद करताना, मेक्सिकन या खोट्या नावाखाली अमेरिकेत विकले जाणारे हे तिरस्करणीय खाणे असल्याचा शेरा मारला. एका देशाने त्या स्त्रियांना चौकातून उठवले, दुसऱ्याने शब्दकोशातून. दोन्हीकडचे लोक शुद्धतेचीच भाषा बोलत होते: एक स्वच्छतेच्या, तर दुसरे संस्कृतीच्या.

आता साहित्याच्या वर्गात येऊ, कारण हा दुटप्पीपणा तिथेही पोसला जातो. लाउरा एस्किवेल यांची 1989 ची कादंबरी 'कोमो आग्वा पारा चोकोलाते' अनेक अभ्यासक्रमांत असते. बारा महिने, बारा प्रकरणे, प्रत्येकाच्या आरंभी एक पाककृती. ती शिकवताना 'मेक्सिकन स्वयंपाकघराचा अस्सल गंध' असे शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. या कादंबरीची भूमी कोणती? अमेरिकेच्या सीमेला लागून असलेले पिएद्रास नेग्रास. आणि ज्या नाचोंकडे पाहून बैठकीतला जाणकार नाक मुरडतो, ते कोठले? तेही पिएद्रास नेग्रासचेच. 1940 च्या दशकात नदीपलीकडून आलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकांपुढे काहीतरी ठेवायला हवे म्हणून इग्नासियो अनाया या उपाहारगृहातल्या माणसाने तळलेल्या तोर्तियेचे तुकडे, चीज आणि मिरची एकत्र करून दिली, आणि इग्नासियोचे लाडके नाव 'नाचो' म्हणून पदार्थाला तेच नाव पडले. एकाच गावातली कादंबरी अस्सल आणि खाद्यपदार्थ नकली, हा निवाडा कोणत्या कसोटीवर केला जातो? आम्हांला एकच कसोटी दिसते: कादंबरीत नॉस्टॅल्जिया आहे आणि नाचोंत गिऱ्हाईक आहे. गतकाळाची हुरहूर आपल्याला अस्सल वाटते. पोटासाठी केलेली कल्पकता मात्र नकली.

याच कादंबरीत नाचा नावाची वृद्ध स्वयंपाकीण आहे. नायिका तीता हिला सारे पाकज्ञान तिच्याकडून मिळते. पण पुढच्या पिढीच्या हाती जी वही येते ती तीताची असते. आम्हांला यात या सबंध प्रश्नाचे सार दिसते. ज्ञान नाचाचे, वही तीताची. अस्सलपणाचा दाखला देणारे हात आणि वाटण वाटणारे हात फार क्वचित एकच असतात.

या दाखल्याचा इतिहास पाहिला तर ते स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या वरिष्ठ वर्गाला मक्याची लाज वाटत होती. फ्रान्सिस्को बुल्नेस यांनी 1899 साली मानवजातीची गहू, तांदूळ आणि मका खाणाऱ्यांत विभागणी केली आणि मक्याला मागासलेपणाचे कारण ठरवले. 1910 च्या क्रांतीनंतर वारे फिरले. राष्ट्राला स्वतःची ओळख हवी होती, आणि ती मिश्र वंशाच्या, मिश्र रक्ताच्या कल्पनेत शोधली गेली. पुएब्लाच्या मठातल्या जोगिणीने मोले शोधून काढल्याची गोड आख्यायिका याच सुमारास, 1920 च्या दशकात, छापील रूपात स्थिरावली. मठातली जोगीण स्पॅनिश कुळातली. तिच्या मागे पाट्यावर मिरच्या वाटणाऱ्या मूलनिवासी स्त्रिया आख्यायिकेत नाहीत. 1946 साली होसेफिना बेलास्केस दे लेओन यांनी देशभर हिंडून जमवलेल्या प्रादेशिक पाककृतींचे पुस्तक काढले आणि टाको-तामाल मध्यमवर्गीय जेवणाच्या टेबलावर सन्मानाने आले. 1972 मध्ये डायना केनेडी या इंग्लंडात जन्मलेल्या लेखिकेच्या पुस्तकाने इंग्रजी वाचकांना बजावले की, सीमेच्या उत्तरेला मिळते ते मेक्सिकन नव्हे. केनेडींनी खेडोपाडी जाऊन केलेले काम फार मोठे आहे आणि ज्या स्त्रियांकडून त्या शिकल्या त्यांची नावे त्यांनी आवर्जून नोंदवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांचे वाक्य त्यांच्या वाचकांनी उचलले आणि त्यामागची पायपीट मागे ठेवली. 2010 मध्ये युनेस्कोने मिचोआकान प्रांताचा आदर्श पुढे ठेवून पारंपरिक मेक्सिकन पाकपद्धतीला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. लाज, अभिमान, छंद, वारसा: सव्वाशे वर्षांत मका तोच राहिला, दाखले बदलत गेले.

अस्सलतेच्या हट्टाची किंमत भलतेच लोक मोजतात, असे आम्ही आरंभी म्हटले. ते वाक्य आता फेडतो. पारंपरिक तोर्तियेचे पीठ 'मेताते' या दगडी पाट्यावर, गुडघ्यांवर बसून वाटले जाई. एका कुटुंबापुरते वाटण वाटायला स्त्रीचे रोजचे पाच-सहा तास जात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विसाव्या शतकात खेड्यांत यांत्रिक गिरण्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांना विरोध झाला तो पुरुषांकडून. ऑस्कर लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने तेपोस्त्लान गावाविषयीच्या 1951 च्या ग्रंथात हे नोंदवले आहे: गिरणीच्या पिठाला ती चव नाही अशी पुरुषांची तक्रार होती, आणि तरीही 1920 च्या दशकात स्त्रियांनी गिरणी टिकवली. आज एखादा भोजनरसिक हाताने वाटलेल्या पिठाच्या तोर्तियेसाठी व्याकुळ होतो, तेव्हा तो नकळत त्या पुरुषांच्या बाजूला जाऊन बसतो. जात्यावरच्या ओव्यांचे सौंदर्य सांगताना दळणाऱ्या बाईचे खांदे विसरणाऱ्या आम्हां मराठी अभ्यासकांना तरी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

मग सगळेच सारखे? कारखान्यातून आलेली, पाकीटबंद, तयार घडी घातलेली कुरकुरीत तोर्तिया आणि वाहाकातल्या भट्टीवरची तोर्तिया यांत भेदच नाही? असा सोयीचा समभावही आम्हांला मान्य नाही. शुद्धतेचा आग्रह खोटा ठरला म्हणून परंपराच खोटी ठरत नाही. परंपरेला मर्म असते. ते घटकांच्या यादीत नसून कृतीत असते.

मेक्सिकन स्वयंपाकापुरते बोलायचे तर ते मर्म चुन्याच्या निवळीत आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवत ठेवायचे, सकाळी साले चोळून काढायची, मग वाटायचे: या कृतीने शिजवलेल्या मक्याला 'निश्तामाल' म्हणतात. तिच्यामुळे पीठ चिकटून येते, गंध बदलतो, आणि मक्यात बंदिस्त असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपीयांनी मका नेला, पण ही कृती मागे ठेवली. परिणामी उत्तर इटलीपासून अमेरिकेच्या दक्षिणेपर्यंत जिथे जिथे गरिबांनी केवळ मक्यावर गुजराण केली, तिथे तिथे पेलाग्रा या रोगाने माणसे खंगली आणि मेली. दाणा घेतला आणि दाणा राबवणाऱ्या बाईची विद्या सोडली, त्याची ही शिक्षा. अस्सल आणि नकली यांतला आम्हांला मान्य असलेला भेद हा आहे. यंत्राने वाटलेले निश्तामाल अस्सलच. विद्या टिकली आहे.

हा भेद केवळ चवीचाही नाही. मका मेक्सिकोत सुमारे 9,000 वर्षांपूर्वी माणसाळला आणि आजही तिथे त्याचे सुमारे साठ मूळ वाण शेतकऱ्यांच्या हातात आहेत. 1994 च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका देशात येऊ लागला. 2007 च्या जानेवारीत तोर्तियेचे भाव कडाडले तेव्हा मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. जनुकसंस्कारित मक्यावर निर्बंध घालण्याच्या मेक्सिकोच्या प्रयत्नाविरुद्ध डिसेंबर 2024 मध्ये व्यापारी लवादाने निकाल दिला; मार्च 2025 मध्ये मेक्सिकोने अशा मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट राज्यघटनेत लिहिली. 'खरे मेक्सिकन' म्हणजे काय याचा झगडा चालला आहे तो शेतात, बाजारात आणि न्यायासनासमोर. आपण मात्र बरिटोत भात असावा की नसावा यावर घसा कोरडा करतो.

या झगड्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. वर्धा जिल्ह्यातले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीनंतरच्या भटकंतीत मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचे संशोधन केले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात भाकरी वाटून देणाऱ्या पुरुषाच्या रूपात खानखोजे बसलेले आहेत. वीणा गवाणकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकाला ते अपरिचित नाहीत. मेक्सिकोच्या 'आपल्या भाकरी'च्या चित्रात मध्यभागी वऱ्हाडच्या शेजारचा माणूस असावा, आणि त्याचे काम वाणांचा संकर करण्याचे असावे, याहून शुद्धतेच्या कल्पनेला चोख उत्तर कोणते?

आणि उत्तर घरातही आहे. आपल्या एकादशीच्या ताटाइतके सोवळे ताट दुसरे नाही. त्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची: हे सारे अमेरिका खंडातून आलेले. राजगिऱ्याचे तर मूळ घरच मेक्सिको. तिथे त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांचा त्यावर रोष झाला. तिथे आजही फुलवलेल्या राजगिऱ्याची गोड वडी 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, या नावाने विकली जाते. ती आपल्या राजगिऱ्याच्या वडीची सख्खी बहीण शोभेल. उपवासाच्या दिवशी आपण जे निःशंक मनाने खातो, त्याला आपण 'नकली' म्हणत नाही. कारण दाखला देणारे आपणच असतो.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. यापुढे बैठकीत 'हे खरे मेक्सिकन आहे का?' असा प्रश्न आला तर तो थोडा वळवून घ्यावा. हा मका कोणाच्या शेतातला? तो कोणी शिजवला, कोणी वाटला, आणि त्याचे मोल कोणाच्या हाती पडले? ही विद्या ज्या नाचाची, तिचे नाव वहीत आहे का? या प्रश्नांची उत्तरे देता आली तर नाचो खाताना लाजण्याचे कारण नाही. देता आली नाहीत, तर वाहाकाच्या भट्टीवर बसून खाल्लेली तोर्तियाही आपल्याला जाणकार करणार नाही.